मागची खिडकी

फेरीवाल्यांच्या "अहो साहेब, अहो काका"ला यशोधन पार विटला होता. शेवटी त्याने डोळ्यांतल्या स्मार्ट भिंगांच्या आणि कानांतल्या इअरबड्सच्या सेटिंग्जची फाइल उघडली आणि एक ओळ वाढवली: जो 'अहो' म्हणेल, त्याला आवाजासकट मागच्या खिडकीत ढकल, म्हणजे तो ना दिसेल, ना ऐकू येईल.

त्या संध्याकाळी बाजारातून तो पहिल्यांदाच निवांत घरी आला. घरातही कशी छान शांतता होती. बायकोच्या चपला दारातच होत्या.

"मृदुला, चहा टाकतेस का गं?"

उत्तर आलं नाही. स्वयंपाकघरात त्याचा पाय कशाला तरी अडखळला. खाली बघितलं, तर नुसती स्वच्छ फरशी. तेवढ्यात न दिसणाऱ्या बोटांनी त्याचा घोटा घट्ट धरला. मग पकड सैल पडत गेली.

लग्न झाल्यापासून मृदुला त्याला 'अहो'च म्हणायची.