उडती खाट

विनोदी कौटुंबिक चित्रपटातले आजोबा झालेले फणसळकर स्टुडिओच्या छताजवळ, तारांना टांगलेल्या उडत्या खाटेवर बसले होते. अचानक एक तार तुटली आणि खाट कलली.

“अरे, खाली घ्या मला,” ते जिवाच्या आकांताने ओरडले.

खालची मंडळी पोट धरून हसली, कारण आजोबांचा संवादच तो होता. कॅमेरा चालूच राहिला. फणसळकर पुन्हा ओरडले, तर हशा आणखी वाढला.

दुसरी तार करकरली. त्यांची वाचाच बसली. खाटेचा दांडा कवटाळून ते नुसते खाली बघत राहिले.

हशा थांबला. दिग्दर्शकाने हात वर केला. फणसळकरांच्या जिवात जीव आला.

संवादांची वही घेऊन सहायक मुलगी पुढे धावली. मान वर करून तिने प्रेमाने आठवण करून दिली, “काका, ‘खाली घ्या मला.’”