जिनिव्हाची घरमालकीण

“बर्फ पडताना आवाज होतो का रे?” अलीमियाँनी विचारलं.

“नाही चाचा. पडतो ते कळतसुद्धा नाही,” इद्रीस म्हणाला आणि ताटातली सुरमई उगाच चिवडत राहिला.

आखातातल्या देरा गावातली ही दावत त्याच्यासाठीच होती. घड्याळदुरुस्तीचा सहा आठवड्यांचा कोर्स करून तो कालच जिनिव्हाहून परतला होता. निदान सगळे तसं समजत होते.

अलीमियाँची अट सरळ होती. थोरल्या रुकय्याचा नवरा जहूर तीन वर्षांपूर्वी, पासष्टच्या हिवाळ्यात, जिनिव्हाला शिकून आला आणि मगच निकाह झाला. धाकट्या अजरालाही तसाच नवरा हवा. दोन मुलींत डावं-उजवं करणं त्यांना जमणारं नव्हतं. आज ते होकार देणार होते. पडद्यामागे अजराच्या बांगड्या वाजत होत्या, आणि त्या वाजल्या की इद्रीसला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

कारण तो बहारीनच्या पुढे गेलाच नव्हता. रत्नागिरीहून निघताना एजंटाने पासपोर्टावर फक्त आखाती देशांची नावं घालून घेतली होती. पोटापाण्याला तेवढी पुष्कळ झाली, युरोपात कोण कडमडायला जातंय! बहारीनच्या विमानतळावर साहेबाने नेमकं ते पान काढलं; त्यावर नाव नसलेल्या देशात जाता येत नसे, आणि खलास. इकडे निरोपाला अर्धा देरा जमला होता. अजराने लोकरीचा मफलर विणून पाठवला होता. तो मफलर गळ्यात घालून चौथ्या दिवशी परत कसं यायचं? लाजेपोटी तो तोंड लपवत थेट डोंगरापलीकडे फुजैराला गेला. तिकडे देऱ्यातलं कुणी फिरकत नसे.

तिथे श्रीवर्धनच्या मैमुनाबीने त्याला खोली दिली. लपायला आलेल्या माणसाला ती नावसुद्धा विचारत नसे. रोज सकाळी खिडकीत उभी राहून ती होड्या मोजायची, सातावर चुकायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. रिकामा बसून कंटाळलेल्या इद्रीसने एक दिवस तिचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. आत एक मासा कोरलेला होता, शेपटी वर केलेला. दुरुस्ती केली की कारागीर आपली खूण आत कोरून ठेवतात. इद्रीसने माशाखाली आपलं खजुराचं झाड कोरलं आणि घड्याळ चालू करून दिलं.

जिनिव्हा त्याने पाठ केलं होतं ते देऱ्यात तो कामाला होता त्या दुकानातल्या घड्याळ कंपनीच्या कॅलेंडरवरून. जुनं चर्च, सरोवर, चढावरच्या दगडी गल्ल्या. अलीमियाँना तेवढ्यावर गप्प करता येत होतं. भीती होती ती जहूरची. त्याचं दुकान खाडीपलीकडे, त्यामुळे दोघांची फारशी ओळख नव्हती. तो मघापासून मान खाली घालून जेवत होता.

“सर्टिफिकेट कुठे आहे?” अलीमियाँनी विचारलं.

“पोस्टाने येईल, चाचा. इन्शाल्ला.”

जहूरने पाण्याचा पेला खाली ठेवला. “राहत कुठे होतास?”

“एका म्हातारीकडे, जहूरभाई.” इद्रीसला कॅलेंडरमध्ये म्हातारी कुठेच सापडेना. जी ठाऊक होती तीच त्याने पुढे केली. “सरोवराकाठी घर होतं. रोज सकाळी खिडकीतून बोटी मोजायची.”

जहूरचा घास हातातच राहिला.

“सातावर चुकते, आणि परत एकपासून?” त्याने विचारलं.

इद्रीसने ताट पुढे सरकवलं. सात हा आकडा तो बोललाच नव्हता. म्हणजे हा माणूस फुजैराला जाऊन सगळी चौकशी करून आला होता. आता चारचौघांत शोभा होणार, आणि तीही अजरा ऐकत असताना.

“अब्बा,” जहूर सासऱ्याकडे वळला. इद्रीसने डोळे मिटले. “लडका जाऊन आलाय. मी पण तिच्याकडेच होतो. यल्ला, तारीख ठरवा.”

पडद्यामागच्या बांगड्या एकदम थांबल्या. इद्रीसला आनंद व्हायचा तो झालाच नाही. उंदराला खेळवावं तसा हा आपल्याला खेळवतोय, असंच त्याला वाटलं.

अलीमियाँ मात्र खुलले. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून इद्रीसपुढे ठेवलं. “हे जहूरने जिनिव्हाहून आल्यावर पहिलं दुरुस्त केलेलं. बघ जरा, तुझ्या युनिव्हर्सिटीचंच काम आहे.”

इद्रीसने हात पुसले. नखाने मागचं झाकण उघडलं.

आत, कडेला, शेपटी वर केलेला मासा होता.