केसाएवढी चीर

कुंडलिक गाडीखाली पाठीवर पडून होता आणि त्याला बाहेर यावंसं वाटत नव्हतं. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर डाव्या चाकाचा लोअर आर्म लोंबकळत होता. चाक जागेवर धरून ठेवणारा तो लोखंडी हात तुटला होता. कुंडलिकने वेल्डिंग केलं होतं, नेमका तिथेच.

गाडीच्या पलीकडे संघमित्राच्या चपला दिसत होत्या. विशालची बायको. पाच महिन्यांपूर्वी देवनारच्या पुलावर ही गाडी कठड्याला धडकून उलटली. विशाल जागच्या जागी गेला. ती वाचली, खांद्याचं हाड मोडून. गाडी इतके दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात पडली होती. आज सुटली, तशी संघमित्रा टोइंगवाल्याबरोबर थेट वाकोल्याला, कुंडलिकच्या गॅरेजवर आली. शॉक अ‍ॅब्सॉर्बर धड असतील तर काढून घ्यायचे आणि विशालच्या मित्राला, सिद्धेशला द्यायचे, एवढंच तिचं काम होतं.

ते शॉक घेतले तो दिवस कुंडलिकला लख्ख आठवत होता. गाडी एक, आणि तिच्याकडून कामं दोन हवी होती. सोमवार ते शनिवार नाहूर ते अंधेरी, खड्ड्यांतून. महिन्यातून एक रविवार शहराबाहेरच्या रेसट्रॅकवर. विशाल कुरियरच्या गोदामात सुपरवायझर, त्यामुळे बजेट बेताचं. दोघं नवराबायको बाकड्यावर बसून तासभर फोनवर किमती बघत होती. विशालला कडक स्प्रिंगा हव्या होत्या, गाडी रस्त्याला चिकटवणाऱ्या.

"स्प्रिंगा आहेत त्याच राहू दे," कुंडलिक म्हणाला होता. "रोजच्या खड्ड्यांत कंबरडं मोडेल तुमचं. शॉक चांगले घ्या. ते दोन्हीकडे कामाला येतील."

"वळणावर पुढची चाकं बाहेर ओढतात," संघमित्रा म्हणाली होती. "ते थांबेल ना?"

नवऱ्याचं ऐकून बोलतेय, असं वाटून कुंडलिक हसला होता.

मग जुने शॉक काढताना डाव्या आर्मला चीर दिसली. केसाएवढी. नवा आर्म बसवायचा तर तेवढ्या पैशांत शॉक हलके घ्यावे लागले असते. विशालचं तोंड उतरलं. कुंडलिकला त्या पोराचा लळा होता. दर खेपेला तो येताना दोन चहा सांगून यायचा. "वेल्ड मारून देतो," कुंडलिक म्हणाला. "आर्म नंतर बदल सावकाश." विशालने एकदाच विचारलं, चालेल ना काका. कुंडलिकने सांगितलं, बिनधास्त चालव.

अपघाताचं त्याच्या कानावर आलं होतं. पंचनाम्यात भरधाव वेग असं लिहिलंय, एवढं त्याला कळलं होतं. गॅरेजवर विचारायला कुणी आलं नाही. तोही गेला नाही. बोलून विशाल परत येणार नव्हता आणि गप्प राहिल्याने कुणाचं वाकडं होत नव्हतं, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. आताही हाताशी पाना होता. दोन बोल्ट सोडले की तुकडे भंगाराच्या डब्यात गेले असते. तिला काही कळलं नसतं.

"काका, पन्नासच्या वर वेग नव्हता हो," बाहेरून तिचा आवाज आला. ती जणू स्वतःशीच बोलत होती. "पण सासरे बोलायचेच थांबलेत माझ्याशी. वळणावर वेग आवरला असता तर माझं पोर राहिलं असतं, म्हणतात."

कुंडलिकने बोल्ट सोडले. दोन्ही तुकडे हातात घेऊन तो बाहेर आला आणि ते त्याने तिच्यासमोर बाकड्यावर ठेवले.

"वेगाने नाही झालं ते," तो म्हणाला. "हे माझं वेल्डिंग आहे. हे सुटलं."

ती तुकड्यांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "धडकल्यावर तुटलं असेल ना?"

"धडकून तुटला असता तर आधी वाकला असता. हा सरळ आहे. आणि ही कड बघ, अर्धी काळी पडलीय. म्हणजे आतून आधीच उकलत होता. नवा घ्या म्हणून मी हटून बसायला हवं होतं. मी वेल्ड मारला."

"म्हणजे स्टिअरिंग फिरवून काही झालं नसतं?"

"चाकच जागेवर राहिलं नाही, तर वळणार काय? कितीही पट्टीचा ड्रायव्हर असता, गाडी गेलीच असती. विशालची काही चूक नव्हती. हे तुझ्या सासऱ्यांना मी येऊन सांगतो. त्यांनी मला मारलं तरी चालेल."

संघमित्रा बाकड्यावर बसली. तिने एक तुकडा उचलून मांडीवर घेतला. ओढणीला ग्रीस लागलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती आता रडेल किंवा शिव्या देईल, या तयारीने कुंडलिक उभा राहिला.

"हे तुम्ही कोर्टात सांगाल?" तिने विचारलं.

"कोर्टात कशाला? तो तर गेला, पोरी. गेलेल्या माणसावर कसली केस?"

तिने मान वर केली.

"गाडी विशाल चालवत नव्हता, काका. मी चालवत होते."