आतून कळतं

तारापूरच्या कारखान्यातून विनोद सुटायचा, त्याला काळवेळ नसायची. कधी उजेडात, कधी ओव्हरटाइम आटपून अंधारात. तरी शिरगावच्या घरात त्याचं पाऊल पडायला आणि भावनाने चहा गाळायला एकच गाठ पडायची.

"तुला कळतं तरी कसं गं?"

"तुमी जवळ आलात की आतूनच कळतं मला," ती लाजून म्हणायची. विनोदने हे कॅन्टीनमध्ये इतक्यांदा सांगितलं होतं, की मित्रांच्या बायकांना घरी उगाच टोमणे बसायचे.

त्याची गाडी मात्र म्हातारी झाली होती. घराच्या जरा अलीकडे, किल्ल्याजवळच्या स्पीडब्रेकरवर अशी कण्हायची, की झोपलेली कुत्री उठून भुंकायची. बोईसरचा मेकॅनिक म्हणाला, "साब, शॉकअप, स्प्रिंग, सब गया." नवे टाका म्हणून सगळ्या घराने लकडा लावला. एकटी भावना म्हणत राहिली, "चालतेय ना अजून, कशाला हात लावता?"

रविवारी नवे शॉकअप, नव्या स्प्रिंगा बसल्या. सोमवारी गाडी मांजराच्या पावलांनी दारात आली. भावना पाय पसरून मालिका बघत होती, गॅसवर काहीच नव्हतं.

"अगं बाई, कधी आलात? गाडीचा आवाज तर नाय आला!" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.





मंगळवारी किल्ल्याजवळ रस्ता मोकळा असतानाही त्याने लांबलचक हॉर्न वाजवला, आणि घरात शिरल्यावर वाफाळता कप हातात घेत विचारलं, "तुला कळतं तरी कसं गं?"