मोबाईलला कुणी सांगितलं?

चादरींच्या कारखान्यात तीस वर्षं मागांचा खडखडाट ऐकून त्रिंबकला कमी ऐकू येऊ लागलं होतं. मालक काढून टाकील या भीतीनं त्यानं हे घरातही सांगितलं नव्हतं. रविवारी मोहोळच्या एसटीची वेळ बघायला त्यानं मोबाईलमधला ब्राउझर उघडला. शोधपट्टीत आपणहून प्रश्न सुचवायची नवीच सोय आली होती. एक अक्षरही लिहिण्याआधी तिथं उमटलं, 'कानाच्या मशीनची आणखी माहिती हवी का?' त्यानं मोबाईल उपडा ठेवला. "आता हे मालकालाबी सांगणार! ह्याला कुणी सांगितलं?" "मी," मागून बायको मीनाबाई म्हणाली. "काल तुमच्या मोबाईलवर मीच हुडकलं." तो संशयानं मोबाईलकडंच बघत राहिला. मग ती समोर येऊन बसली आणि तेच मोठ्यानं म्हणाली. "तुला कवापासनं म्हाईत हाय?" "दोन वर्सं. तुमी सांगाल म्हणून थांबले हुते." त्यानं मोबाईल तिच्याकडं सरकवला. "दाव मशीन."