घाटातला चोर

सासऱ्यांची जुनी स्पोर्ट्स कार घाटात अचानक बंद पडायची आणि गॅरेजमध्ये मात्र गरीब गाईसारखी चालायची. कंटाळून मुलाने सांगितलं, “बाबा, संध्याकाळी भंगारवाला येतोय.” सुनेला ते पटेना. दुपारी तिने सासऱ्यांना शेजारी बसवून गाडी घाटात काढली. पहिल्याच खड्ड्यात गाडी आदळली, इंजिन बंद पडलं. डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही. “पेट्रोलचा दोष नाही, बाबा, वीजच तुटतेय!” तिची नजर स्टिअरिंगखाली झुलणाऱ्या, घरभरच्या किल्ल्यांच्या जड जुडग्यावर गेली. त्याच्या ओझ्याने झिजलेला, किल्लीमागचा इग्निशन स्विच हिसक्यासरशी सुटत होता. तिने गाडीची किल्ली जुडग्यातून सोडवली, इंजिन सुरू केलं आणि गाडी मुद्दाम खड्ड्यांतून दामटली. इंजिन गर्जतच राहिलं. “सापडला चोर!” ती ओरडली. “गाडी घरी वळवू?” “घरी कशाला?” सासऱ्यांनी खिडकीची काच उतरवली. “अजून अख्खा घाट पडलाय पुढे!”