सोपी वाट

“आई, बाबा, आम्ही मैत्रिणी एकट्याच जंगलात फिरायला जाऊ?” हे विचारायची तुझ्यात हिंमतच नाही, असं मैत्रिणींनी चिडवलं होतं, म्हणून एका दमात विचारून टाकलं.

“जा की!” बाबा चक्क म्हणाले. “फक्त वाट सोपी हवी. थांब, मीच शोधतो.” फोनवर शोधता शोधता झाडीतून डोंगर दिसणारी अशी झकास वाट सापडली की बाबांनाच राहवेना. आईने लगेच मावशीला फोन लावला, मावशीने काकांना तयार केलं आणि जेवणं होईपर्यंत मोठ्यांशिवायच्या आमच्या पहिल्यावहिल्या सहलीत सगळे मोठे घुसले होते.

 

“आई, बाबा, माझं ठरलंय,” मी जाहीर केलं. “तुम्ही सगळे निवांत डोंगर बघून या. आम्ही मैत्रिणी घर सांभाळतो. एकट्याच!”